नानकटाई : हात, तूप आणि आच

दिवाळीच्या ताटात लाडू, करंजी, चकली, शेव ही सगळी घरची माणसे. नानकटाई मात्र त्यांच्यात थोडी निराळी. तिचे पीठ घरी मळले जाई, पण भाजली जाई ती गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत. वसुबारसेच्या आधी चार दिवस आमच्या पेठेतल्या बेकरीपुढे संध्याकाळी बायकांची आणि पोरांची रांग लागे. प्रत्येकाच्या हातात पिठाचा डबा. बेकरीवाले चाचा पत्र्याचे काळे ट्रे देत, आपण त्यात गोळे मांडायचे, ट्रेच्या कोपऱ्यात खडूने नाव लिहायचे आणि भट्टीच्या तोंडाशी उभे राहून वाट पाहायची. मी इयत्ता दुसरीत असल्यापासून आजीबरोबर त्या रांगेत उभा राहिलो आहे. ट्रे बाहेर आला की तुपाचा आणि वेलदोड्याचा जो वास रस्त्याभर पसरे, तो माझ्या मते दिवाळीचा पहिला फटाका होता.

गेल्या वर्षी ती भट्टी बंद झाली. चाचांची मुले दुसऱ्या उद्योगाला लागली, जागेवर इमारत उभी राहते आहे. कोणाचा दोष नाही. लाकडाचा धूर, महाग झालेले सरपण, पहाटे तीनला उठून कणिक तिंबण्याचे कष्ट, हे सारे किती दिवस चालायचे? २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न हाती घेताना लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या मुंबईतील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असे निर्देश दिले. शहराच्या फुफ्फुसांचा विचार करता ते योग्यच म्हणावे लागेल. पण आमच्या घरापुरता प्रश्न उरलाच : आता नानकटाई भाजायची कुठे?

आजीचे वय ब्याऐंशी. तिचे हात आता थरथरतात, परातीत तूप फेटणे तिला होत नाही. आई नोकरी करते. "यंदा विकत आणू," असे ठरले तेव्हा आजी काही बोलली नाही, पण तिने नानकटाईचा डबा घासून पुसून फळीवर परत ठेवून दिला. त्या डब्याकडे पाहून मी, ज्याचा स्वयंपाकघराशी संबंध ताटापुरताच होता, बोलून गेलो, "आजी, मी करतो."

वाचक मित्रहो, बोलणे सोपे असते.

आजीला प्रमाण विचारले. ती म्हणाली, "अरे, प्रमाण कसलं? तूप मागेल तेवढं पीठ घालायचं." तूप काय आणि कसे मागते हे तिच्या तळहाताला ठाऊक होते, मला नव्हते. पहिल्या खेपेस मी घाईघाईत तूप गॅसवर पातळ केले, त्यात साखर आणि मैदा कालवला आणि गोळे घरातल्या छोट्या विजेच्या भट्टीत ठेवले. दहा मिनिटांनी पाहतो तो चोवीस गोळ्यांची मिळून एकच पोळी झालेली! दुसऱ्या खेपेस पीठ फारच भुसभुशीत वाटले म्हणून त्यात दूध घातले आणि पोळ्यांच्या कणकेसारखे चांगले मळले. त्या वेळी आकार उत्तम आला. फक्त दात लागेना. माझ्या धाकट्या भावाने त्यातली एक पाटावर आपटून दाखवली.

तेव्हा मात्र मी कलाशाखेचा अभिमान बाजूला ठेवून विज्ञान विभागातल्या मित्रांना आणि रसायनशास्त्राच्या सरांना शरण गेलो. त्यांनी जे सांगितले आणि मी पुढे स्वतः करून जे पाहिले, ते येथे मांडतो आहे.

सुरत आणि न्यूयॉर्क

आधी थोडा इतिहास, कारण तो आमच्या शाखेचा प्रांत. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी किंवा पाव. 'खताई'बद्दल एकमत नाही. कोणी तिचा संबंध चीनच्या जुन्या नावाशी जोडतात, कोणी निराळी व्युत्पत्ती देतात. मराठीत आपण 'ख'चा 'क' करून तिला नानकटाई केले.

तिचा जन्म सुरतेत झाला अशी कथा सांगतात. सतराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सुरतेत वखार घातली. त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. १८२४ च्या इंग्रज-डच तहानंतर डचांनी हिंदुस्थानातील आपल्या वखारी सोडल्या. ती भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थाकडे आली, असे परंपरा सांगते. पाव फुगवण्यासाठी ताडी वापरली जाई, म्हणून पुष्कळ लोक तो खात नसत. गिऱ्हाईक आटले. तेव्हा ताडी आणि अंडी वगळून, तूप-साखरेचा स्थानिक हात लावून हा नवा पदार्थ घडवला गेला. कथेतला प्रत्येक तपशील कागदोपत्री सिद्ध आहे असे नाही, पण ताडी आणि अंडे वगळून केलेला भट्टीचा पदार्थ आपल्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरांतही का शिरला, याचे उत्तर तीत आहे.

गंमत अशी की याच डचांनी दुसऱ्या खंडातही असाच एक वारसा ठेवला. आज ज्याला न्यूयॉर्क म्हणतात ते शहर १६६४ पर्यंत डचांचे 'न्यू ॲम्स्टरडॅम' होते. लहान केकला डच भाषेत जो शब्द आहे, त्यावरून अमेरिकेत 'कुकी' हा शब्द रूढ झाला. इंग्लंडात 'बिस्किट', अमेरिकेत 'कुकी', हा भेद त्यातून आला. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले पहिले पाकपुस्तक म्हणून ज्याची ख्याती आहे, त्या अमेलिया सिमन्सबाईंच्या १७९६ च्या पुस्तकात कुकीची कृती आहे. तेव्हा सुरतेची नानकटाई आणि अमेरिकेतली साखरेची कुकी या एका अर्थी मावसबहिणीच. त्या दुसऱ्या बहिणीकडे पुढे वळूच.

मैद्याचा स्वभाव

आता माझ्या दगडी नानकटाईचे रहस्य. शंभर ग्रॅम मैद्यात साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात. मैदा कोरडा असेपर्यंत ती स्वस्थ असतात. पाणी मिळाले आणि मळणे सुरू झाले की ती एकमेकांना धरतात आणि चिवट, ताणले जाणारे जाळे तयार होते. याला ग्लुटेन म्हणतात. पोळी फाटत नाही, पाव फुगून उभा राहतो, तो या जाळ्यामुळे. पण पोळीला जो गुण, तोच नानकटाईला दोष. दुधातले पाणी घालून मी ते जाळे विणले आणि मळून मळून घट्ट केले. मग ते भाजून दगड झाले यात नवल काय?

म्हणून नानकटाईत पाणी नाही, दूध नाही आणि मळणेही नाही. पीठ नुसते गोळा करायचे. आजी त्यात थोडे बेसन आणि रवा घालते. तिला ग्लुटेन हा शब्द ठाऊक नाही, पण बेसनात ग्लुटेन नसते आणि त्याने मैद्याचा चिवटपणा पातळ होतो, हे तिच्या जिभेला ठाऊक आहे. रव्याने दाताखाली रवाळपणा येतो.

तुपाचे काम

तूप दोन कामे करते. पहिले असे की ते पिठाच्या कणाकणाला लेप देते. लेप बसलेल्या कणापर्यंत ओलावा पोचत नाही आणि जाळे विणले जात नाही. करंजीच्या पिठात आपण कडकडीत मोहन घालतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, तुपात जवळजवळ नसतेच. म्हणून नानकटाईला लोण्यापेक्षा तूप मानवते.

दुसरे काम हवा धरण्याचे, आणि माझी पहिली फजिती येथेच झाली. रवाळ, अर्धवट थिजलेले तूप साखरेबरोबर फेटले की त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात. तूप पांढरे होते, हलके होते, फुगते. भट्टीत हेच बुडबुडे तापून मोठे होतात आणि नानकटाई खुसखुशीत होते. पातळ केलेले तूप हवा धरू शकत नाही, शिवाय आच लागताच गोळा सावरण्याआधीच ते वाहू लागते. गाईम्हशीचे तूप साधारण ३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते आपोआप पातळ होते. अशा वेळी फेटण्याआधी ते थोडे गार करून घ्यावे आणि वळलेले गोळेही वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत.

आजी परातीत तळहाताने अर्धा तास तूप फेटत असे. "हात भरून आला की झालं," हे तिचे माप. मी घड्याळ लावून पाहिले. हाताने पंधरा ते वीस मिनिटे लागतात. फेटलेल्या तुपाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकला आणि तो वर तरंगत राहिला, तर एवढे म्हणता येते की ते गुठळी न होता हलके झाले आहे. पण तूप मुळातच पाण्यापेक्षा हलके असल्याने ही परीक्षा एकटी पुरेशी नाही. रंग पांढराशुभ्र व्हायला हवा, हीच खरी खूण.

बेकऱ्यांत पुष्कळदा वनस्पती तूप वापरले जाई, कारण ते स्वस्त आणि उकाड्यातही घट्ट. पण तेल थिजवण्याच्या त्या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयाला घातक ठरतात. भारतात अन्नातील तेल-तुपात त्यांचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. घरी करताना आपण साजूक तूपच घ्यावे. नानकटाई रोज थोडीच खायची आहे?

साखर आणि सोडा

साखर येथे पिठीच हवी. या पिठात पाणी जवळजवळ नसल्याने जाड साखर विरघळत नाही आणि दाताखाली कचकच येते. साखर फक्त गोडीसाठी नसते. भट्टीत ती वितळते आणि गोळ्याला किंचित पसरू देते, म्हणून फार साखर घातली तर नानकटाई बसते आणि थंड झाल्यावर कडक होते.

खाण्याच्या सोड्याविषयी मात्र सावधगिरी हवी. तापल्यावर त्यातून कर्बद्विप्राणिद वायू सुटतो, पीठ फुलते, वर त्या सुंदर भेगा पडतात. पण त्याला आंबट पदार्थाची जोड नसेल तर मागे उरतो तो धुण्याचा सोडा! 'नानकटाईला साबणाची चव आली' असे म्हणतात, ते शब्दशः खरे असण्याइतके जवळ असते. म्हणून सोडा चिमूटभर आणि जोडीला बेकिंग पावडर घ्यावी. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर कोरडे आम्ल आधीच मिसळलेले असते आणि दोघे एकमेकांचा हिशेब चुकता करतात. बिस्किटांच्या धंद्यात अमोनिया नावाची पूड वापरतात. ती तापल्यावर सगळीच वायुरूप होते, मागे काही उरत नाही. घरी मात्र तिचा उग्र वास सोसत नाही.

कृती

तिसऱ्या खेपेस मी वजनकाटा घेतला आणि सारे लिहून ठेवले. चोवीस नानकटायांसाठी प्रमाण असे :

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, रवाळ साजूक तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १३० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, खाण्याचा सोडा एक चिमूट, मीठ एक चिमूट, पाच-सहा वेलदोड्यांची पूड, थोडे किसलेले जायफळ.

मैदा, बेसन, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून एकत्र करावे व त्यात रवा मिसळावा. परातीत तूप आणि पिठीसाखर पांढरी शुभ्र होईपर्यंत फेटावी. वेलदोडा-जायफळ घालावे. मग पीठ थोडे थोडे घालत बोटांनी हलके एकत्र करावे. 'तूप मागेल तेवढे' याचा अर्थ मला येथे कळला : गोळा हाताला न चिकटता वळता आला आणि कडेला चिरला नाही, की तुपाचे मागणे संपले. तुपाच्या घट्टपणाप्रमाणे चमचा-दोन चमचे पीठ कमीजास्त लागते. तेवढ्यापुरता आजीचा हिशेब काट्यापेक्षा खरा.

लहान लिंबाएवढे गोळे करून किंचित चपटे करावेत, वर चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबावा. दोन गोळ्यांत दोन बोटे अंतर ठेवावे. भट्टी दहा मिनिटे आधी तापवून १६० अंश सेल्सियसवर अठरा ते बावीस मिनिटे भाजावे. विजेची भट्टी नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, त्यावर कडे ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि मंद आचेवर थाळीत गोळे भाजावेत. त्याला पंचवीस मिनिटे लागतात आणि खालून लक्ष ठेवावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. नानकटाई भट्टीतून निघते तेव्हा मऊ असते. बोट लावले तर मोडते. नवशिका घाबरतो आणि आणखी दहा मिनिटे ठेवतो, तेथेच ती करपते. तिचा कडकपणा आचेने येत नाही, तो निवण्याने येतो, कारण थंड होताना तूप पुन्हा थिजते. कडा किंचित बदामी दिसल्या की ट्रे बाहेर काढावा आणि अर्धा तास त्याला हात लावू नये. चाचा आम्हा पोरांना ट्रेपासून लांब उभे करीत, त्यात केवळ दरारा नव्हता. पाव काढून झाल्यावर उतरत्या आचेच्या भट्टीत ते नानकटाई लावत, त्यामागेही हाच विचार होता. विटांनी धरून ठेवलेली ती सौम्य, सगळीकडून सारखी आच विजेच्या छोट्या भट्टीत मिळत नाही. म्हणून ट्रे मध्यावर एकदा फिरवून ठेवावा.

अमेरिकेतली मावसबहीण

माझी खरीखुरी मावसबहीण न्यू जर्सीत असते. नाताळात तिच्याकडे शेजारणी ज्या साखरेच्या मऊ कुकी देतात, त्यांची कृती तिने मला कळवली. तीही करून पाहिली. तिच्यात लोणी, अंडे आणि घट्ट आंबवलेली साय असते, वर लोणी आणि पिठीसाखर फेटून केलेला रंगीत लेप असतो.

दोघींचा मऊपणा मात्र भिन्न आहे, आणि हा फरक मला फार शिकवून गेला. नानकटाई मऊ असते ती तुपामुळे : पाणी नाही म्हणून जाळे नाही, म्हणून ती तोंडात विरते. अमेरिकन कुकी मऊ असते ती ओलाव्यामुळे : अंडे आणि साय पाणी आणतात, साखर ते धरून ठेवते, आणि कुकी जाडसर लाटून, थोडी कमीच भाजून काढतात, म्हणून ती केकसारखी लवते. तिच्या पिठात पाणी असूनही ती चिवट होत नाही, कारण लोणी-साखर जास्त आणि कालवणे कमी. लेपासाठी लोण्याच्या दुप्पट वजनाची चाळलेली पिठीसाखर घालून फेटतात आणि कुकी पूर्ण निवल्यावरच तो लावतात. ऊन कुकीवर लावला तर लोणी वितळून ओघळते. कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहावी म्हणून ती डब्यात घट्ट बंद ठेवतात. नानकटाईही घट्ट डब्यातच ठेवावी, पण उलट कारणासाठी : तिला बाहेरची दमट हवा लागू नये म्हणून. डबा एकच, पण एकीचा ओलावा आत कोंडायचा आणि दुसरीचा बाहेर अडवायचा.

गुलाबी लेपाची कुकी आजीला दिली. तिने ती नीट निरखली, खाल्ली आणि म्हणाली, "छान आहे रे. पण हिला इतकी नटवलीस, की आतली कळतच नाही."

शेवटी

तिसऱ्या खेपेची नानकटाई मी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आजीपुढे ठेवली. तिने एक तुकडा मोडला. तो मोडताना आवाज आला नाही, नुसता भुगा झाला. तिने तोंडात टाकला, डोळे मिटले, थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "जायफळ थोडं जास्त झालंय." आमच्या घरी यापरते दुसरे प्रशस्तिपत्र नाही. नंतर ती उठली, फळीवरचा रिकामा डबा तिने स्वतः काढून आणला आणि थरथरत्या हातांनी एकेक नानकटाई त्यात रचली.

मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण आपल्या थोर लेखकांची हस्तलिखिते जपतो, शिलालेखांचे ठसे घेतो. पण आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात जे ज्ञान आहे, ते कोठेही लिहिलेले नाही. ते विचारले की 'अंदाजाने' असे उत्तर मिळते आणि आपण हसून सोडून देतो. तो अंदाज म्हणजे साठ वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष असतो. भट्टी बंद झाली ती एका दिवसात, पण हात बंद होतात ते हळूहळू, आपल्या डोळ्यांदेखत.

तेव्हा मित्रहो, येत्या सुटीत घरी जाल तेव्हा वही-पेन्सील आणि जमल्यास एक वजनकाटा घेऊन आजीशेजारी बसा. पदार्थ कोणताही असो. ती मूठभर टाकील, ती मूठ तिच्याकडून काट्यावर मोकळी करून घ्या आणि लिहून ठेवा. चूक झाली तर हरकत नाही. माझ्या पहिल्या चोवीस नानकटायांची झालेली ती एक पोळी आमच्या घरी सगळ्यांनी चहात बुडवून खाल्ली, आणि खरे सांगायचे तर, वाईट नव्हती.